सुपरहिरो कॉमिकचे परीक्षण: पानावर कोणाचा हात कुठे असतो

सुपरहिरो कॉमिक्सची परीक्षणे वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवते. परीक्षणाचा मोठा भाग कथानक सांगण्यात खर्च होतो, त्यानंतर लेखकाच्या कल्पनाशक्तीबद्दल एक परिच्छेद येतो आणि शेवटी 'चित्रेही उत्तम आहेत' एवढ्या एका वाक्यात चित्रकाराची बोळवण केली जाते. कादंबरीच्या परीक्षणाचा साचा उचलून कॉमिकला लावला की असे होते. कादंबरीत कथा शब्दांनीच सांगितलेली असते, त्यामुळे शब्द लिहिणाऱ्याला कथेचे श्रेय देणे रास्त ठरते. कॉमिकमध्ये कथा सांगण्याचे काम बऱ्याच अंशी चित्र करते. कोणता क्षण दाखवायचा, तो किती मोठा दाखवायचा, कोठून पाहायचा आणि दोन क्षणांच्या मध्ये काय गाळायचे, हे निर्णय पानावर रेषेने घेतलेले असतात. ते कोणी घेतले आणि कितपत साधले, हे वाचकाला दाखवून देणे हेच कॉमिकच्या परीक्षणाचे मुख्य काम आहे असे मी मानतो. ते कसे करता येते, हे अमेरिकी सुपरहिरो कॉमिक्समधील काही प्रत्यक्ष पानांच्या आधारे येथे सांगत आहे.

आधी कामाची वाटणी समजून घ्यावी लागते. अमेरिकेत ही कॉमिक्स प्रामुख्याने मासिक म्हणून निघत आली आणि आजच्या एका अंकात साधारण वीस ते बावीस पाने कथेची असतात. महिन्याला इतकी पाने एकट्याने लिहून, रेखाटून, रंगवून पूर्ण करणे फार थोड्यांना जमते, म्हणून काम अनेकांत वाटून देण्याची पद्धत पडली. लेखक संहिता लिहितो. पेन्सिलर कोऱ्या पानावर चौकटी आखून त्यांत प्रसंग रेखाटतो. इंकर त्या पेन्सिलीच्या रेषांवर शाईने काम करतो. त्यानंतर रंग भरणारा येतो, आणि संवादांचे फुगे, निवेदनाच्या पट्ट्या व 'धडाम'सारखे आवाज अक्षरांत उतरवणारा लेटरर येतो. या सगळ्यांवर संपादक असतो. एखादा कलावंत यांतली दोन-तीन कामे स्वतःच करतो, पण अंकाच्या पहिल्या पानावरील श्रेयनामावली वाचल्याशिवाय ते कळत नाही, म्हणून परीक्षण लिहायला बसणाऱ्याने कथेच्या आधी ती नामावली वाचावी.

यांपैकी इंकरबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण त्याचे काम केवळ रेघा गिरवण्याचे असते असा समज अनेकांचा असतो. पेन्सिलीची रेष करडी आणि संदिग्ध असते. ती जाड करायची की बारीक ठेवायची, सावली भरीव काळी करायची की बारीक रेघांनी सुचवायची, हे इंकर ठरवतो आणि त्यावर चित्राचे वजन ठरते. जॅक कर्बी हे मार्व्हल कंपनीचे सर्वांत प्रभावी पेन्सिलर होते आणि त्यांच्या पानांवर वेगवेगळ्या इंकरांनी काम केले. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून 'फँटास्टिक फोर' या मालिकेवर जो सिनॉट यांनी शाईकाम केले, तेव्हा कर्बींची अवाढव्य यंत्रे आणि खडकांसारखी माणसे चकचकीत, घोटीव आणि भक्कम दिसू लागली. त्याच काळात 'थॉर'च्या पानांवर व्हिन्स कोलेटा यांची बारीक, तुटक रेष होती. ती जुन्या दंतकथांच्या वातावरणाला शोभते असे मानणारे वाचक आहेत, पण कोलेटा काम वेळेत संपवण्यासाठी पार्श्वभूमीतली माणसे आणि इमारती खोडून टाकत, हेही मूळ पेन्सिल पानांच्या प्रतींशी तुलना करून दाखवले गेले आहे. अशा पानावर रिकामी पार्श्वभूमी पाहून कर्बींना आळशी ठरवणारा परीक्षक चुकीच्या माणसाला बोल लावत असतो.

याहून अवघड प्रश्न लेखक आणि पेन्सिलर यांच्यामधील सीमेचा आहे, आणि सुपरहिरो कॉमिक्सच्या इतिहासातले सगळ्यांत कडू वाद याच सीमेवर झाले आहेत.

संहिता लिहिण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिल्या रीतीत लेखक पूर्ण संहिता देतो. पानावर किती चौकटी आहेत, प्रत्येक चौकटीत काय दिसते आणि कोण काय बोलते, हे सगळे आधी लिहिलेले असते आणि चित्रकार त्यावरून रेखाटतो. दुसरी रीत १९६० च्या दशकात मार्व्हलमध्ये रुळली आणि तिला 'मार्व्हल पद्धत' असेच नाव पडले. स्टॅन ली हे तेव्हा संपादकही होते आणि जवळपास सगळ्या मालिकांचे लेखकही होते. इतक्या मालिकांच्या पूर्ण संहिता लिहायला त्यांना वेळ मिळणे शक्य नव्हते. म्हणून ते चित्रकाराशी कथेबद्दल बोलत किंवा थोडक्यात टिपण देत, चित्रकार त्यावरून संपूर्ण अंक रेखाटून आणत असे आणि मग त्या तयार चित्रांवर ली संवाद लिहीत. चित्रपटाशी ताडून पाहिले तर दिग्दर्शन, छायालेखन, संकलन आणि पटकथेचा बराचसा भाग चित्रकाराने करावा आणि लेखकाने शेवटी संवाद घालावेत, असा हा प्रकार होता. अंकावर मात्र 'लेखक: स्टॅन ली' आणि 'चित्रे: जॅक कर्बी' असे छापले जाई.

या पद्धतीत काय घडू शकते याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९६६ मधले आहे. 'फँटास्टिक फोर'च्या ४८ ते ५० या अंकांत ग्रह गिळंकृत करणारा गॅलॅक्टस पृथ्वीवर येतो. कर्बींनी रेखाटून आणलेल्या पानांत, दोघांच्या बोलण्यात कधीही न आलेले एक पात्र लींना दिसले: फळीवर उभा राहून अवकाशातून जाणारा एक चंदेरी माणूस. इतक्या बलाढ्य देवासारख्या पात्राच्या पुढे त्याचा एखादा दूत असायला हवा, असे कर्बींना वाटले होते. हाच पुढे सिल्व्हर सर्फर म्हणून गाजला. ही हकीकत स्वतः लींनीही सांगितली आहे. पुढे त्या पात्राच्या तोंडी जी गंभीर, तत्त्वचिंतकाची भाषा आली, ती लींची. मग हे पात्र कोणी लिहिले? त्याची निर्मिती, त्याचे रूप आणि कथेतले त्याचे स्थान कर्बींनी आणले व त्याला वाणी लींनी दिली, असे म्हणणे पुराव्याला धरून आहे. 'लींच्या प्रतिभेतून साकारलेला सिल्व्हर सर्फर' असे लिहिणे अन्यायाचे आहे, आणि उलट लींनी काहीच केले नाही असे म्हणणेही मला पटत नाही, कारण त्या पानांवरचे शब्द काढून टाकले तर गॅलॅक्टसची भव्यता उरते, पण सर्फरची व्यथा बरीच पुसट होते.

स्पायडरमॅनचे चित्रकार स्टीव्ह डिटको यांच्या बाबतीत तर नामावलीच बदलावी लागली. १९६२ च्या ऑगस्टमध्ये 'अमेझिंग फँटसी'च्या १५ व्या अंकात स्पायडरमॅन प्रथम आला. पुढे 'अमेझिंग स्पायडरमॅन' या मालिकेत कथानकाची जबाबदारी अधिकाधिक डिटकोंकडे गेली आणि १९६५ पासून कथानकाचे श्रेयही त्यांच्या नावे छापले जाऊ लागले. शेवटच्या काळात ली आणि डिटको एकमेकांशी बोलतही नव्हते. डिटको कथा रचून, रेखाटून पाने आणून देत आणि ली त्यांवर संवाद लिहीत. १९६६ साली ३८ व्या अंकानंतर डिटकोंनी मालिका सोडली.

याच अबोल्याच्या काळातला, १९६६ च्या आरंभीचा ३३ वा अंक कॉमिकचे पान कसे वाचावे हे शिकण्यासाठी मला सर्वांत उपयोगी वाटतो, म्हणून त्यापाशी थोडे थांबू या. कथा अगदी साधी आहे. पीटर पार्करची मे काकू मरणाच्या दारात आहे, तिला वाचवणारे औषध डॉक्टर ऑक्टोपसच्या नदीखालच्या तळावर आहे आणि तेथील झुंजीत एक प्रचंड पोलादी यंत्र स्पायडरमॅनच्या अंगावर कोसळले आहे. औषधाची कुपी समोरच पडली आहे, पण हात पोहोचत नाही. वरून छत गळू लागले आहे. आता त्याला ते यंत्र उचलायचे आहे. कथानक म्हणून ही गोष्ट एका ओळीत संपते: त्याने जोर लावला आणि यंत्र उचलले. त्या काळच्या दुसऱ्या एखाद्या कॉमिकमध्ये ती दोन-तीन चौकटींत उरकली असती.

डिटकोंनी तिला जवळपास पाच पाने दिली. कॉमिकमध्ये वेळ आणि जागा या जणू एकाच नाण्याच्या दोन बाजू असतात. वाचकाची नजर जितकी जागा ओलांडते, तितका काळ गेल्यासारखा त्याला वाटतो. म्हणून पाच पाने दिली याचा अर्थ डिटकोंनी वाचकालाही त्या ओझ्याखाली तितका वेळ अडकवून ठेवले. सुरुवातीला यंत्राने चित्राचा बहुतेक भाग व्यापलेला आहे आणि माणूस खाली कोपऱ्यात चेपलेला आहे. मग नजर त्याच्या जवळ जाते: वाकलेली मान, जमिनीला टेकलेले हात, सांडणारे पाणी. त्याला काकूचा आणि गेलेल्या बेन काकांचा चेहरा आठवतो. पहिला प्रयत्न फसतो, दुसरा फसतो, आणि प्रत्येक वेळी आपण पुढच्या चौकटीकडे जाताना मधल्या पांढऱ्या फटीत त्याची धाप आपणच भरून काढतो, कारण ती चित्रात दाखवलेली नाही. तो जसजसा वर येऊ लागतो तसतशा चौकटी मोठ्या होत जातात, आणि मग पान उलटल्यावर एकच पूर्णपानी चित्र समोर येते: दोन्ही हात उंचावलेला स्पायडरमॅन, वर भिरकावले गेलेले पोलाद आणि चोहोबाजूंनी कोसळणारे पाणी. सुटकेचा क्षण पान उलटण्याच्या जागी आणून ठेवणे हा निव्वळ रचनेचा निर्णय आहे. कथानकाच्या सारांशात तो दिसणार नाही आणि कोणत्याही संवादातही सापडणार नाही. ही पाने वाचून 'नायकाच्या जिद्दीचे प्रभावी चित्रण' असे लिहिणारा परीक्षक खोटे लिहीत नाही, पण ती जिद्द कशामुळे जाणवली हे तो सांगत नाही. चौकटी मोजणे, त्यांचे आकार पाहणे, कोणती गोष्ट पान उलटल्यावर दिसते याची नोंद घेणे, ही परीक्षकाची साधी हत्यारे आहेत आणि ती वापरायला चित्रकलेचे शिक्षण लागत नाही.

रचनेचे असे निर्णय एका पानापुरते मर्यादित नसतात. फ्रँक मिलर यांनी लिहिलेली आणि डेव्हिड मॅझुकेली यांनी रेखाटलेली 'डेअरडेव्हिल'ची 'बॉर्न अगेन' ही कथा १९८६ मध्ये २२७ ते २३३ या अंकांत आली. खलनायक किंगपिन याला नायकाचे खरे नाव कळते आणि तो मॅट मर्डॉकची नोकरी, घर, पैसा, सगळे एकेक करून हिरावून घेतो. यातल्या पहिल्या तीन अंकांची सुरुवात वरून पाहिलेल्या मॅटच्या पूर्णपानी चित्राने होते. पहिल्यात तो स्वतःच्या बिछान्यात आहे, दुसऱ्यात स्वस्त हॉटेलच्या खोलीत आणि तिसऱ्यात कचऱ्यामध्ये, पोटाशी पाय घेऊन पडलेला. वाचकांनी हे अंक महिन्या-महिन्याच्या अंतराने वाचले होते, तरी तोच कोन आणि तीच चौकट पुन्हा दिसताच माणूस किती खाली गेला हे एका नजरेत कळत होते. हा निर्णय मिलर यांचा की मॅझुकेलींचा, हे केवळ पान पाहून सांगता येत नाही, आणि जेथे ठामपणे सांगता येत नाही तेथे 'या कथेत' किंवा 'दोघांनी मिळून' असे लिहावे.

पूर्ण संहितेच्या रीतीतही हा प्रश्न मिटत नाही. अॅलन मूर यांच्या संहिता तपशीलवार असण्याबद्दल प्रसिद्ध आहेत. १९८६-८७ मध्ये बारा अंकांत आलेल्या 'वॉचमेन'च्या पहिल्या अंकाची संहिता टंकलेखनाची शंभराहून अधिक पाने भरली होती. त्यामुळे 'वॉचमेन' ही मूर यांची कृती आणि डेव्ह गिबन्स हे त्यांचे हुकूम पाळणारे चित्रकार, असे चित्र सहज उभे राहते. पण पानावर नऊ समान चौकटींची जी जाळी या कथेचा कणा आहे, ती पूर्ण संयमाने सांभाळण्याचे काम गिबन्स यांचे आहे. प्रत्येक चौकट इतकी छोटी असताना पार्श्वभूमीतली पाटी, वर्तमानपत्राचा मथळा, भिंतीवरची खूण, सगळे वाचता येईल इतकी स्वच्छ रेष राखणे हे सोपे नाही. अक्षरेही गिबन्स यांनीच लिहिली. पाचव्या अंकात पहिले पान शेवटच्या पानाचे, दुसरे उपांत्य पानाचे प्रतिबिंब होईल अशी रचना आहे. ही कल्पना कागदावर कोणीही लिहू शकेल, पण ती अठ्ठावीस पानांत कथेचा ओघ न तुटता उतरवण्यासाठी गिबन्स यांच्यासारखा चित्रकार लागतो.

लेखकाचे माप मग कसे घ्यावे? माझी कसोटी अशी आहे की, चित्र जे सांगू शकत नाही ते शब्द सांगतात का. जुन्या सुपरहिरो कॉमिक्समध्ये नायक दार तोडताना दिसतो आणि वरच्या पट्टीत 'नायकाने दार तोडले' असे लिहिलेले असते, शिवाय फुग्यात तो स्वतःही तेच म्हणतो. तेथे शब्द चित्राच्या अंगावर ओझ्यासारखे पडलेले असतात. याउलट 'वॉचमेन'च्या पहिल्याच अंकात दोन पोलीस अधिकारी खून झालेल्या माणसाच्या घरात उभे राहून कोरड्या, कामकाजी सुरात अंदाज बांधत असतात, आणि मध्येमध्ये त्यांचेच शब्द प्रत्यक्ष खुनाच्या लालभडक चौकटींवर येतात. शब्द आताचे आहेत आणि चित्र आदल्या रात्रीचे आहे. या दोघांच्या घर्षणातून जी थंड क्रूरता निर्माण होते ती नुसत्या शब्दांत नाही आणि नुसत्या चित्रातही नाही.

शब्द किती थोडे असू शकतात याचे उदाहरण १९७३ चे आहे. 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या १२१ व्या अंकात ग्रीन गॉब्लिन पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिला पुलावरून खाली ढकलतो आणि स्पायडरमॅन तिला आपल्या जाळ्याच्या दोरीने अधांतरी पकडतो. लेखक गेरी कॉन्वे, पेन्सिल गिल केन यांची, शाई मुख्यतः जॉन रोमिता यांची. चित्र सुटकेचे आहे. सुपरहिरो कॉमिकचा कोणताही वाचक ही मुद्रा शंभरदा पाहिलेला असतो. पण ग्वेनच्या मानेजवळ बारीक अक्षरांत 'स्नॅप' असा एक आवाज लिहिलेला आहे. चित्रे काढून झाल्यावर संवाद लिहिताना कॉन्वे यांनी तो घातला. त्या एका शब्दाने संपूर्ण प्रसंगाचा अर्थ उलटा होतो: झटका बसून मान मोडली, म्हणजे तिला वाचवण्याच्या कृतीनेच तिचा जीव गेला, हा संशय वाचकाच्या मनात शिरतो आणि पुन्हा बाहेर पडत नाही. पुढे अंकांतील पत्रव्यवहाराच्या पानावर संपादकांना याबद्दल खुलासा द्यावा लागला. कॉमिकच्या लेखकाला लेखक म्हणून दाद द्यायची असेल तर लांबलचक स्वगतांपेक्षा अशा जागा शोधाव्यात. या ठिकाणी लेटररचेही महत्त्व कळते, कारण तोच शब्द मोठ्या, रंगीत, फुटणाऱ्या अक्षरांत असता तर तो नुसता गोंगाट झाला असता.

चित्र सुंदर असणे आणि चित्राने कथा सांगणे यांतला फरकही परीक्षकाने मनाशी पक्का ठेवावा. १९९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत तारांकित चित्रकारांचे युग आले. १९९१ मध्ये क्रिस क्लेरमाँट यांनी लिहिलेल्या आणि जिम ली यांनी रेखाटलेल्या 'एक्स-मेन'च्या नव्या मालिकेच्या पहिल्या अंकाच्या ऐंशी लाखांहून अधिक प्रती खपल्या. त्यामागे वेगवेगळ्या मुखपृष्ठांच्या आवृत्त्या आणि संग्राहकांची सट्टेबाजी होती, पण चित्रकाराच्या नावाची ओढही होतीच. १९७५ पासून एक्स-मेनची घडण करणारे क्लेरमाँट तीनच अंकांनंतर बाहेर पडले, आणि पुढच्या वर्षी जिम ली यांच्यासह सात लोकप्रिय चित्रकारांनी मार्व्हल सोडून इमेज कॉमिक्स ही स्वतःची संस्था काढली. आपल्या निर्मितीवर निर्मात्याची मालकी असावी हा त्यांचा आग्रह मला पूर्णपणे मान्य आहे. पण त्या लाटेत आलेल्या अनेक अंकांची पाने आज उघडली तर प्रत्येक चौकट भिंतीवर लावण्याच्या पोस्टरसारखी दिसते, स्नायू ताणलेले, दात आवळलेले, आणि एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत काय घडले, कोण कोणाच्या उजवीकडे उभा आहे, हे मात्र कळत नाही. एक सोपी परीक्षा करून पाहावी: फुग्यांवर बोट ठेवून नुसती चित्रे वाचावीत. प्रसंग समजला तर चित्रकार कथा सांगतो आहे.

मासिक मालिकेचे परीक्षण करताना आणखी एक भान लागते. ही पात्रे कंपनीच्या मालकीची असतात, लेखक येतात आणि जातात, आणि प्रत्येकाला आधीच्यांनी सोडलेला संसार सांभाळावा लागतो. म्हणून एखाद्या लेखकाच्या अंकाची प्रशंसा किंवा निंदा करण्यापूर्वी त्यातले त्याचे स्वतःचे काय आणि वारशाने आलेले काय, हे पाहावे लागते. मालिकेच्या मध्येच एखाद्या अंकाला वेगळा चित्रकार आला तर बहुतेक वेळा कारण मुदतीचे असते, कलेचे नसते. संग्रहित आवृत्ती वाचताना हा सांधा खटकतो आणि परीक्षकाने तो नोंदवावा, पण त्याचा दोष त्या बदली चित्रकारावर टाकू नये.

रंगाबद्दल बहुतेक परीक्षणे मौन पाळतात, म्हणून एक उदाहरण देतो. मूर यांनी लिहिलेले आणि ब्रायन बोलंड यांनी रेखाटलेले 'द किलिंग जोक' हे बॅटमन आणि जोकर यांच्यावरील पुस्तक १९८८ मध्ये आले. 'वॉचमेन'चे रंगकाम करणारे जॉन हिगिन्स यांनीच ते रंगवले होते. जत्रेच्या मैदानावर जांभळे, नारिंगी, पिवळे, डोळ्यांना बोचणारे रंग होते, जणू जोकरच्या डोक्यातला उजेड पानावर सांडला आहे. २००८ मध्ये नवी आवृत्ती निघाली तेव्हा बोलंड यांनी सगळे रंग स्वतः नव्याने भरले. रंग थंड आणि मंद झाले, आणि भूतकाळातले प्रसंग जवळजवळ करड्या छटांत गेले, त्यांत अधूनमधून एखादीच वस्तू लाल. शब्द तेच, रेषा जवळपास त्याच, पण पुस्तक दुसरे झाले. जुन्या आवृत्तीत वेडाचा ताप आहे, नव्या आवृत्तीत दुःख आहे. मला जुनी अधिक आवडते, कारण त्या कथेत वाचकाला अस्वस्थ करणे आवश्यक आहे असे मला वाटते. यावर मतभेद असू शकतात, पण परीक्षकाने आपण कोणती आवृत्ती वाचली हे न सांगता 'वातावरणनिर्मिती' या शब्दाने वेळ मारून नेली तर मतभेदालाही जागा उरत नाही.

श्रेयाचा हा आग्रह केवळ सौंदर्यविचारातून आलेला नाही. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी १९३८ मध्ये सुपरमॅनचे सर्व हक्क एकशे तीस डॉलरना देऊन टाकले, आणि त्यांची नावे सुपरमॅनच्या कथांवर कायमची परत यायला आणि त्यांना निर्वाहवेतन मिळायला १९७५ साल उजाडले. तेही चित्रकार नील अॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन यांनी जाहीर लढा दिल्यावर. १९३९ च्या मे महिन्यात आलेल्या बॅटमनच्या पहिल्या कथेचे लेखक बिल फिंगर होते, पण कित्येक दशके केवळ बॉब केन यांचे नाव छापले गेले. फिंगर १९७४ मध्ये वारले आणि त्यांचे नाव २०१५ मध्ये अधिकृतपणे जोडले गेले. कर्बींच्या वारसांशी मार्व्हलने २०१४ मध्ये समझोता केला, तेव्हा कर्बींना जाऊन वीस वर्षे झाली होती. या सर्व वर्षांत परीक्षणे लिहिली जातच होती. कंपनीने छापलेले नाव पडताळून न पाहता पुढे नेणाऱ्या प्रत्येक परीक्षणाने त्या अन्यायाला हातभार लावला.

मराठी वाचकाच्या ओळखीचे एक उदाहरणही येथे देण्यासारखे आहे. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मुंबईतून १९६४ च्या मार्चपासून इंद्रजाल कॉमिक्स काढली आणि मराठीत 'वेताळ' घरोघरी पोहोचला. हा वेताळ म्हणजे ली फॉक यांनी १९३६ मध्ये वर्तमानपत्रांतील पट्टीचित्रांसाठी लिहिलेला फँटम. पहिली चित्रे रे मूर यांची होती, आणि इंद्रजालच्या वाचकांच्या मनात ठसलेला रुंद खांद्यांचा, शांत चेहऱ्याचा वेताळ बव्हंशी साय बॅरी यांच्या हातचा. त्यांनी १९६१ पासून तीन दशकांहून अधिक काळ तो रेखाटला. आपल्या हातात आलेली पाने मात्र मूळ पाने नव्हती. वर्तमानपत्रातल्या आडव्या पट्ट्या कापून, काही चौकटी गाळून, त्या उभ्या पानावर बसवलेल्या होत्या, आणि नवी मुखपृष्ठे भारतीय चित्रकारांनी, प्रामुख्याने बी. गोविंद यांनी, रंगवली होती. वेताळाच्या देशाचे मूळ नाव बंगालच्या फार जवळ जात असल्याने भारतीय आवृत्तीत ते 'डेंकाली' करण्यात आले. म्हणून इंद्रजालच्या जुन्या अंकावर आज कोणी लिहू लागला, तर एखाद्या पानावर प्रसंग घाईने उरकल्यासारखा वाटताच त्याने फॉक किंवा बॅरी यांना जबाबदार धरण्यापूर्वी मूळ पट्टी शोधून तिच्या चौकटी मोजाव्यात. पुष्कळदा गाळलेली चौकट तेथे सापडेल.